शिअरखाली द्रवस्फटिकातले दोष : कोल्हापुरातल्या एका एम.एस्सी. प्रकल्पाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने आणि एका विद्यार्थ्याने मिळून प्रकल्पासाठी विषय घेतला : नेमॅटिक द्रवस्फटिक दोन काचांच्या मध्ये भरायचं, एक काच सरकवायची (त्याने द्रवाचे थर एकमेकांवर घसरतात, त्याला शिअर म्हणतात) आणि आत दोष कसे तयार होतात ते सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. मार्गदर्शक मॅडम विभागातल्याच. मी त्याच विभागात शिकवतो आणि पोलरायझिंग मायक्रोस्कोप माझ्या ताब्यात असतो, त्यामुळे सुरुवातीपासून शेवटपर्यंत हा प्रकल्प मी जवळून पाहिला. कुणाची ओळख पटेल असे तपशील इथे दिलेले नाहीत.

नेमॅटिक म्हणजे द्रवासारखा वाहणारा, पण ज्यातले काडीसारखे रेणू साधारण एकाच दिशेने तोंड करून असतात असा पदार्थ. त्या सरासरी दिशेला डायरेक्टर म्हणतात. काडीला पुढचं टोक आणि मागचं टोक असा भेद नसतो; डायरेक्टर उलटा केला तरी स्थिती तीच राहते. जिथे दिशा ठरवताच येत नाही, तिथे दोष. डोक्यावरच्या केसांत भोवरा असतो, त्याच्या मध्यावर केस कुठल्या बाजूला वळलाय हे सांगता येत नाही, तसं. भोवऱ्याभोवती एक फेरी मारली की केसांची दिशा पूर्ण ३६० अंश फिरते; नेमॅटिकमध्ये मात्र १८० अंश फिरूनही काम भागतं, कारण उलटी काडी आणि सुलटी काडी एकच. म्हणून इथे अर्ध्या ताकदीचे दोष असतात, आणि तेच सगळ्यात जास्त भेटतात. जाड थरात हा दोष बिंदू नसतो, रेषा असते. तिला डिस्क्लिनेशन म्हणतात. तिचा गाभा दहाएक नॅनोमीटरचा, म्हणजे प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणारा. पण आजूबाजूचा डायरेक्टर वाकलेला असल्यामुळे रेषा स्पष्ट उमटते.

पदार्थ निवडला तो ५सीबी. जॉर्ज ग्रे यांच्या इंग्लंडमधल्या हल इथल्या गटाने १९७३ साली सायनोबायफिनाइल पदार्थ प्रसिद्ध केले, त्यांतला हा सर्वांत ओळखीचा. साधारण २४ अंश सेल्सिअसपासून ३५ अंशांपर्यंत तो नेमॅटिक असतो. पुस्तकात त्याला ‘खोलीच्या तापमानाचं’ द्रवस्फटिक म्हणतात. ही खोली कुठली आणि कुठल्या महिन्यातली, यावर या प्रकरणातलं निम्मं अवलंबून आहे.

सरकत्या काचेचं यंत्र विकत घेण्याइतके पैसे नव्हते. ते उद्यमनगरात बनवून घेतलं. ज्या मिस्त्रींनी केलं त्यांची हयात ऑइल इंजिनाचे सुटे भाग टर्निंग करण्यात गेलेली. वरची काच स्थिर, खालची काच ॲल्युमिनियमच्या सरकपट्टीवर, थ्री-डी प्रिंटरमध्ये असते तशी स्टेपर मोटर आणि लीड स्क्रू. दोन काचांतलं अंतर १०० मायक्रोमीटर. दोन्ही काचांवर पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पातळ थर देऊन तो मखमली कापडाने एकाच दिशेने घासलेला, म्हणजे रेणू त्या दिशेने आडवे लागतात. घासण्याची दिशा आणि काच सरकण्याची दिशा एकच ठेवली होती.

या मांडणीत एक फार चांगली सोय आहे. घासण्याची दिशा पोलरायझरला, म्हणजे प्रकाशाचं एकाच दिशेचं कंपन पुढे सोडणाऱ्या गाळणीला, समांतर ठेवली आणि ॲनालायझर, म्हणजे नमुन्यापलीकडची तशीच दुसरी गाळणी, काटकोनात लावली की सगळं दृश्य काळं होतं. काच सरकली की डायरेक्टर थोडा कलतो, पण कलतो तो प्रवाह आणि उंची यांच्याच प्रतलात. त्यामुळे शिअर चालू असतानाही दृश्य काळंच राहायला हवं. कुठेही उजेड दिसला तर डायरेक्टर त्या प्रतलाबाहेर गेला, एवढं बघताक्षणी कळतं.

अडचण

५सीबी हा प्रवाहात बसणारा नेमॅटिक आहे. शिअर दिला की मधल्या भागातला डायरेक्टर प्रवाहाशी एक ठरावीक कोन धरून स्थिर होतो. द्रवस्फटिकांच्या प्रवाहाचा जो लेस्ली यांचा सिद्धांत आहे त्यातून तो कोन निघतो आणि ५सीबीसाठी तो दहा-बारा अंशांच्या घरात आहे. काही नेमॅटिक असे बसत नाहीत, प्रवाहात गडगडत राहतात, आणि त्यांच्यात दोष लवकर होतात. ५सीबीत कमी वेगाला काहीच होऊ नये.

किती वेग म्हणजे कमी, हे एरिक्सन संख्येवरून ठरतं : श्यानता (द्रवाचा घट्टपणा) गुणिले शिअरचा दर (काचेचा वेग भागिले काचांतलं अंतर) गुणिले अंतराचा वर्ग, भागिले स्थितिस्थापक स्थिरांक (डायरेक्टर वाकवायला होणाऱ्या विरोधाचं माप). ५सीबीची फिरण्याची श्यानता सुमारे ०.०८ पास्कल-सेकंद आणि स्थिरांक सुमारे ६ पिकोन्यूटन धरला, तर १०० मायक्रोमीटरच्या फटीत सेकंदाला १ या दराने ही संख्या १३० च्या आसपास येते. विद्यार्थ्यांनी सुरुवात केली ती याच्या दहाव्या भागाने. काच सेकंदाला फक्त १० मायक्रोमीटर सरकत होती.

आणि तरीही रेषा आल्या. भरपूर आल्या. काळ्या पार्श्वभूमीवर लखलखीत धागे, काही बंद वलयं, काही काचेला चिकटून वाहत जाणारे. विद्यार्थिनीने फोटो काढले, ते देखणे होते, आणि प्रकल्पाच्या अहवालाचं पहिलं प्रकरण त्यांवर लिहूनही झालं. अडचण एवढीच की काही वेळा तोच वेग, तीच काच, आणि एकही रेषा नाही. वेग दहापट केला तरी कधी काळंकुट्ट, तर कधी सगळा पडदा धाग्यांनी भरलेला. आलेख काढायचा तर बिंदू कुठेही पडत होते. एप्रिल उजाडला होता आणि अहवाल देण्याची तारीख तोंडावर आली होती.

कुठे काय ठरलं

पहिला खरा निर्णय घ्यावा लागला तो फोटोंचं काय करायचं याचा. विद्यार्थिनीचं म्हणणं असं, की काच सरकवली की रेषा वाढतात हे तर दिसतंय. मग ‘शिअरमुळे दोष’ हे विधान खोटं कसं? तिचा मुद्दा बिनबुडाचा नव्हता. डिस्क्लिनेशनचं वलय ताणाखाली असतं आणि मोकळं सोडलं तर आक्रसून नाहीसं होतं. शिअर त्याला उलट ओढतो. एका ठरावीक आकारापेक्षा मोठं वलय शिअरमध्ये वाढतच जातं, लहान असेल तर मिटतं. सेकंदाला १ या दराला हा आकार काही दहा मायक्रोमीटरच्या घरात येतो. म्हणजे आधीपासून असलेली एक रेषा शिअर दिल्यावर दहापट लांब झालेली दिसू शकते. मॅडमचा प्रश्न म्हणून वेगळा होता : वाढली हे कबूल, पण जन्मली कुठे? मला त्या दिवशीच्या सगळ्या चर्चेत हा प्रश्न मोलाचा वाटला, कारण त्यानंतर आमच्या बोलण्यातून ‘दोष दिसले’ हा मोघम शब्दप्रयोग गेला.

मग विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, मोटर बंदच ठेवून बघूया का एकदा?”

हे आधी कुणी केलं नव्हतं. दुपारी नवा नमुना भरला, दिवा लावला, मोटरची वायर काढून टाकली. सुरुवातीला दृश्य काळं. काही वेळाने ते निराळ्या प्रकारे काळं झालं : पोलरायझर आणि ॲनालायझर जोडीने फिरवले तरी उजळेना. नमुना नेमॅटिक राहिलाच नव्हता, साधा द्रव झाला होता. कोल्हापुरात एप्रिलच्या दुपारी पारा ३७-३८ अंशांवर जातो, आणि त्यात हॅलोजनचा दिवा खालून तापवत होता. दिवा मंद केला, खिडकीशी टेबल फॅन लावला, आणि थंड होता होता सगळ्या दृश्यात धाग्यांचं जाळं उमटलं. काच जागची हलली नव्हती.

याचं कारण समजायला सोपं आहे. द्रव थंड होऊन नेमॅटिक होतो तेव्हा ठिकठिकाणी थेंब तयार होतात आणि प्रत्येक थेंब आपली दिशा स्वतंत्रपणे निवडतो. ते एकमेकांना भिडले की दिशा जुळत नाहीत, आणि न जुळलेल्या जागी रेषा राहतात. १९९१ साली नेमॅटिकमधल्या अशाच जाळ्याचा अभ्यास विश्वाच्या सुरुवातीच्या काळात तयार झाले असावेत अशा दोषांशी तुलना करण्यासाठी झाला होता. घासलेल्या काचा हळूहळू सगळ्यांना एका दिशेला आणतात आणि जाळं विरतं. पण विरायच्या आत काच सरकवली, तर उरलेली वलयं ताणली जातात. सकाळी काम केलं की दृश्य स्वच्छ आणि दुपारी धागे, हे कोडं इथे सुटलं. नोंदवहीत वेळेचा रकानाच नव्हता. फोटोंच्या फायलींवर वेळ होती म्हणून जुन्या निकालांची सकाळ-दुपार अशी विभागणी करता आली.

आता पुढे काय, यावर चार वाटा निघाल्या.

पदार्थ बदलायचा ही पहिली. ई७ हे द्रवस्फटिकांचं मिश्रण साधारण ५८ अंशांपर्यंत नेमॅटिक राहतं, उन्हाळ्याची काळजीच मिटते. पण ते मागवून हातात पडेपर्यंत मुदत संपली असती, शिवाय ५सीबीचे सगळे स्थिरांक छापील मिळतात तसे मिश्रणाचे मिळत नाहीत. एमबीबीए ४७ अंशांपर्यंत चालतं, पण तो शिफ बेस आहे, ओलाव्याने त्याचं विघटन होतं आणि त्याचं रूपांतर-तापमान घसरत जातं. इथल्या जून-जुलैच्या हवेत उघड्या कडांच्या यंत्रात ते टिकवणं म्हणजे पुढच्या बॅचच्या गळ्यात धोंड. दुसरी वाट, विषयच बदलून ‘थंड होताना होणारे दोष’ असा करायचा. ती मोहाची होती, कारण फोटो तयार होते. मॅडमनी ती नाकारली : थंड होण्याचा दर मोजलेला नव्हता, आणि न मोजलेल्या गोष्टीवर प्रबंध उभा करायचा नाही. तिसरी, आहे तसं सादर करून ‘तापमानाचा परिणाम असू शकतो’ अशी एक ओळ घालायची. ही वाट कुणी बोलून दाखवली नाही तरी खोलीत होती. चौथी म्हणजे तापमान धरून ठेवायचं आणि सगळं पुन्हा करायचं.

चौथी निवडली, पण मोजमापांची यादी निम्म्याने छाटून. तसं केलं नसतं तर ती पुरी झालीच नसती, असं मला अजूनही वाटतं.

केलेली कामं

काचेखाली ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवला, त्यात आडवं भोक पाडून मासे पाळायच्या टाकीच्या पंपाने बादलीतलं पाणी फिरवलं. हॅलोजन काढून एलईडी लावला. काचेच्या कडेला थर्मोकपल चिकटवला आणि तापमान २९ अंशांच्या जवळ धरलं. काम सकाळी लवकर सुरू करायचं ठरलं.

यंत्र परत उद्यमनगरात नेलं, कारण काच सरकताना दृश्याचा फोकस मागेपुढे होत होता. आमचा संशय काचेवर होता. मिस्त्रींनी डायल गेज लावून पट्टी एकदा इकडून तिकडे नेली आणि म्हणाले, “सर, काचंत काय न्हाई. ह्यो बुश खाल्लाय, पट्टी वरखाली खेळतिया. नवा पितळेचा घालतो, रीमर मारून.” ते बरोबर होतं. याचं महत्त्व असं : काचेचा वेग तोच ठेवला तरी अंतरात २० टक्के फरक पडला तर शिअरचा दरही बदलतो आणि एरिक्सन संख्येत २० टक्के फरक पडतो. आधीच्या आलेखाचे बिंदू विखुरण्यात या खेळाचाही हात होता.

अंतर मोजण्याची पद्धतही बदलली. पूर्वी नमुना भरल्यावर वरच्या काचेच्या आतल्या पृष्ठावर आणि मग खालच्या पृष्ठावर फोकस करून फाइन नॉबवरून फरक घेत असत. द्रवाच्या अपवर्तनांकामुळे ती खोली खऱ्यापेक्षा कमी दिसते. आता रिकाम्या फटीत मोजून मगच नमुना भरायचा असं ठरलं.

एवढं केल्यावर कमी वेगाला दृश्य काळं राहिलं, अपेक्षेप्रमाणे. मग वेग वाढवला, सेकंदाला १ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे एरिक्सन संख्या हजाराच्या वर. इथे रेषा परत आल्या, आणि या वेळी तापमानाकडे बोट दाखवता येत नव्हतं.

विद्यार्थिनीने व्हिडिओ मागेपुढे करून पाहिले. रेषा बहुतेक वेळा सरकपट्टी टोकाला पोचून उलट फिरली की उमटत होत्या. पट्टीची धाव मर्यादित, त्यामुळे यंत्र पुढे-मागे, पुढे-मागे चालत असे. तिने टोकाचा क्षण चौकट चौकट करून दाखवला : काच थांबते, उलटी निघते, दृश्यात ढगासारखा फिकट उजेड पसरतो, त्याची आकुंचित होत जाणारी पट्टी होते आणि पट्टीची कडा तुटून वलय सुटं होतं.

यामागचं भौतिक इतकं सुंदर आहे की ते नीट लिहायला हवं. प्रवाहात डायरेक्टरसाठी दोन कोन असे असतात जिथे त्याच्यावरचं आघूर्ण, म्हणजे त्याला फिरवणारा जोर, शून्य होतं : एक प्रवाहाच्या वर दहा-बारा अंश, दुसरा तितकाच खाली. एक स्थिर, दुसरा अस्थिर. शिअरची दिशा उलटली की या दोघांची अदलाबदल होते. म्हणजे काच उलट फिरते त्या क्षणी मधला सगळा डायरेक्टर नेमका अस्थिर कोनावर उभा असतो. तिथून नव्या स्थिर कोनाकडे जायला दोन रस्ते. एक जवळचा, शून्यातून. दुसरा लांबचा, जवळजवळ पूर्ण अर्धी फेरी मारून. काचेलगतचे थर आडवे धरलेले असल्यामुळे ते जवळच्या रस्त्याने ओढतात, आणि कमी वेगाला सगळे त्यांच्यामागून जातात. मोठ्या एरिक्सन संख्येला मधल्या भागापर्यंत काचेची ओढ पोचत नाही. तिथे बारीकसारीक चढउतार ठरवतात की कोण कुठून जाणार, आणि काही भाग प्रतलाबाहेरही वळतो. वेगवेगळ्या वाटांनी गेलेले शेजारी जिथे भेटतात तिथे भिंत तयार होते. त्या भिंतीत वाकणं कोंबलेलं असतं, आणि तिला मोकळं व्हायचा मार्ग म्हणजे डिस्क्लिनेशनचं वलय.

उपाय या स्पष्टीकरणातूनच निघाला. काच थांबवून ठेवली तर डायरेक्टर काचेच्या ओढीने परत आडवा होतो, आणि त्याला लागणारा वेळ काढता येतो : फिरण्याची श्यानता गुणिले अंतराचा वर्ग, भागिले स्थिरांक गुणिले पायचा वर्ग. १०० मायक्रोमीटरला तो १३-१४ सेकंद येतो. विद्यार्थ्याने मोटरच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक टोकाला एक मिनिट थांबण्याची ओळ घातली. डायरेक्टर आडवा असताना काच कुठल्याही बाजूला निघाली तरी नवा स्थिर कोन एकाच, जवळच्या रस्त्याने गाठता येतो.

निष्पत्ती

एक मिनिट थांबायला लागल्यावर टोकाशी उमटणारी वलयं जवळपास गेली. उरल्या त्या रेषा दोनच ठिकाणांहून निघताना दिसल्या : काचेवर अडकलेला धुळीचा कण किंवा कापडाचा तंतू, आणि कडेला शिरलेला हवेचा बुडबुडा. बुडबुड्याच्या पृष्ठावर डायरेक्टर वेगळ्या कोनाने धरला जातो, म्हणून तिथे दोष आधीपासूनच बसलेला असतो; वेग पुरेसा झाला की शिअर त्याचं टोक ओढून आत आणतो. विद्यार्थिनीने असा एक धागा बुडबुड्यापासून सुरू होऊन दृश्याच्या मध्यापर्यंत ताणला जाताना सलग टिपला. प्रबंधातलं माझ्या मते सर्वांत भक्कम पान तेच.

अहवाल दोषांच्या जन्मस्थानांप्रमाणे लिहिला गेला. थंड होताना, उलट फिरताना, आणि कणाशी किंवा कडेशी. देखणे पहिले फोटो पहिल्या विभागात गेले, दुपारच्या तापमानाच्या उल्लेखासकट. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सर्वांत आधी विचारलं ते अंतर किती खात्रीने माहीत आहे, आणि रिकाम्या फटीत घेतलेल्या मापांची नोंद तिथे कामी आली. एक गोष्ट मात्र सुटली नाही. सर्वांत जास्त वेगाला, स्वच्छ भागात, थांबा घेऊनही कधीकधी रेषा येत. ते खरोखर प्रवाहातून जन्मणारे दोष होते की नजरेबाहेरच्या कणापासून आलेले, हे एका सूक्ष्मदर्शकाच्या एका चौकटीतून ठरवता आलं नाही, आणि अहवालात तसं स्पष्ट लिहिलं गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

मोटर बंद ठेवून पाहणं हे पहिल्याच आठवड्यात व्हायला हवं होतं. त्याला पैसे लागत नाहीत, वेळ लागत नाही. तसंच नोंदवहीत वेळ आणि काचेचं तापमान हे रकाने वेगाच्या रकान्याच्या आधी हवेत.

ऋतूची निवडही चुकीची झाली, आणि ती टाळता येण्यासारखी होती. डिसेंबर-जानेवारीत इथली सकाळ पंधरा-सोळा अंशांवर असते. त्या दिवसांत ठोकळा फक्त गरम करावा लागतो, आणि गरम करणं हे थंड करण्यापेक्षा नेहमीच सोपं नि स्थिर असतं. विषयाची निवड जुलैत होते, यंत्र दिवाळीपर्यंत तयार होऊ शकतं. आपल्याकडे प्रकल्पाचं प्रत्यक्ष काम दुसऱ्या सत्रावर ढकललं जातं, त्यामुळे नेमका उन्हाळाच वाट्याला येतो.

धाव मर्यादित असलेल्या सरकपट्टीऐवजी गोल फिरणारी तबकडी केली असती तर उलटण्याचा प्रश्नच आला नसता. मिस्त्रींनी ती सुचवलीही होती. पण तबकडीत मध्यापासून कडेपर्यंत शिअरचा दर बदलतो, आणि प्रवाहरेषा वर्तुळाकार असल्याने घासण्याची दिशा सगळीकडे प्रवाहाला समांतर ठेवता येत नाही; काळ्या दृश्याची सोय जाते. शिवाय उलटण्याच्या क्षणाचा धडा हातून निसटला असता. या मुद्द्यावर मॅडमचं आणि माझं अजून एकमत नाही. त्या तबकडीच्या बाजूच्या आहेत.

पुढच्या बॅचसाठी सरकपट्टीच ठेवली आहे, पदार्थ मात्र ८सीबी. तो ३३.५ ते ४०.५ अंशांच्या दरम्यान नेमॅटिक असतो, त्याखाली स्मेक्टिक (ज्यात रेणू एका दिशेबरोबर थरांतही लागतात). त्यामुळे वर्षातल्या बहुतेक दिवशी ठोकळा फक्त गरम ठेवायचा. स्मेक्टिकच्या जवळच्या तापमानाला ८सीबी प्रवाहात बसत नाही, गडगडतो. त्याच्यासाठी स्थिर कोन नाही आणि अस्थिरही नाही. तेव्हा टोकाला एक मिनिट थांबून फरक पडतो का, आणि पडला तर किती, हे पहिलं मोजमाप ठरलं आहे. मोटर बंद ठेवून घ्यायचं वाचन त्याच्या आधी.